इवातेची हातकताईची लोकरी शाल : पारख, वापर आणि निगा

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्येला, तोहोकु विभागात, इवाते हा डोंगराळ प्रांत आहे. पश्चिमेला ओउ पर्वतरांग, पूर्वेला किताकामीचे डोंगर आणि दोहोंमधल्या खोऱ्यातून दक्षिणेकडे जाणारी किताकामी नदी, अशी त्याची ठेवण. २०३८ मीटर उंचीचा इवाते पर्वत मोरिओका या राजधानीच्या शहरातून सहज दिसतो. हिवाळ्यात रात्रीचा पारा बहुधा शून्याखाली जाणाऱ्या या मुलखात हाताने कातलेल्या लोकरीचे, हातमागावर विणलेले कापड आजही निघते. जपानी लोक त्याला 'होमस्पन' म्हणतात. देशात तयार होणाऱ्या होमस्पनपैकी बहुतेक एकट्या इवातेत होते. पुरुषांसाठी त्यातून मुख्यतः तीन गोष्टी बनतात: मफलर, अंगाभोवती घेण्याइतकी रुंद शाल (तिथले दुकानदार तिला 'स्टोल' म्हणतात) आणि कोट-जाकिटाचे कापड. मफलर साधारण ३० सेंटीमीटर रुंद असतो. शाल ५० ते ७० सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटरच्या आसपास लांब.

काश्मीरचा धुस्सा किंवा हिमाचलातली पुरुषांची लोई यांच्यामागे शतकांचा वारसा आहे. त्या मानाने इवातेची शाल कालची. १८६८ साली मेइजी काळ सुरू झाला तोवर जपानात मेंढ्या जवळजवळ नव्हत्याच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून 'राशा' नावाचे जाड लोकरी कापड येऊ लागले, पण ते सरदारांनी चिलखतावर घालायच्या बिनबाह्यांच्या 'जिनबाओरी'त संपले. उत्तरेकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला वनस्पतीच्या धाग्याचे जाडेभरडे कापड आणि बर्फात भाताच्या पेंढ्याची 'मिनो' ही पांघरायची झूल आली. मेइजी काळात लोकर बाजारात आल्यावर पुरुषांनी आधी लाल ब्लँकेटच अंगाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. पुढे किमोनोवर घालायचा 'तोम्बी' हा झग्यासारखा कोट रूढ झाला. बायकांनी 'काकुमाकी' ही मोठी चौकोनी शाल त्रिकोणी घडी घालून डोक्यावरून घेतली. त्यामुळे पुरुषाची आजची होमस्पन शाल या साऱ्यांची थेट वारस आहे असे कोणी सांगितले, तर ते विक्रीचे बोलणे समजावे.

खरा इतिहास लष्करी गणवेशातून सुरू होतो. गणवेशांच्या लोकरीसाठी परदेशावर अवलंबून राहू नये म्हणून सरकारने १८७५ मध्ये शिमोसा येथे मेंढीपालन सुरू केले आणि १८७९ मध्ये टोकियोच्या सेंजू भागात लोकरीची सरकारी गिरणी उभारली. हाताने कातून विणण्याची विद्या मेइजी काळातच इंग्रज मिशनऱ्यांकडून इवातेत पोचली, असे मानले जाते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची लोकर मिळेनाशी झाली तेव्हा, १९१८ मध्ये, दहा लाख मेंढ्या पाळण्याची योजना जाहीर झाली. शेतकरी घरामागे एक-दोन मेंढ्या ठेवू लागले आणि बर्फाच्या दिवसांत, शेतीला सुट्टी असताना, घरोघर लोकर कातली जाऊ लागली. १९५७ मध्ये देशातल्या मेंढ्या साडेनऊ लाखांच्या घरात गेल्या, म्हणजे योजना जवळपास पुरी झाली. आणि लगेच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकरीची आयात खुली झाली. १९७६ पर्यंत देशात जेमतेम दहा हजार मेंढ्या उरल्या होत्या.

खरेदीदाराच्या दृष्टीने या इतिहासातली एकच गोष्ट महत्त्वाची. इवातेची शाल म्हणजे इवातेच्या मेंढीची शाल नव्हे. आज बहुतेक कार्यशाळा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा ब्रिटनमधून आलेली लोकर वापरतात. यात फसवणूक काही नाही. लोकर कुठलीही असो, ती पिंजण्याचे, कातण्याचे आणि विणण्याचे काम इवातेत होते. स्थानिक लोकरीचा माल थोडा असतो, तो तसा स्पष्ट सांगूनच विकला जातो आणि महागही असतो. इवाते पर्वताच्या पायथ्याशी १८९१ मध्ये सुरू झालेल्या कोइवाई शेतीवाडीत मेंढ्यांचे कळप अजून आहेत.

मेंढ्या गेल्या तरी हस्तकला टिकली, त्याचे मोठे श्रेय ओइकावा झेन्झो (१८९२–१९८५) यांना जाते. ते तोवा गावचे, पेशाने शाळामास्तर. यानागी मुनेयोशी यांनी उभारलेल्या 'मिंगेइ' या लोककला-चळवळीशी त्यांचा संबंध आला. रोजच्या वापरातली, नाव नसलेल्या कारागिरांनी केलेली वस्तू हीच सुंदर, असे ही चळवळ मानत होती. ओइकावांनी लोकर वनस्पतींच्या रंगात रंगवण्याच्या रीती बसवल्या आणि गावात शिष्य तयार केले. मोरिओकात युद्धात नवरे गमावलेल्या बायकांना पोटापाण्याचे साधन म्हणून चाललेल्या शिकवणीतून 'मिचिनोकु आकानेकाई' ही स्त्रियांची कार्यशाळा उभी राहिली. तिचे स्थापनावर्ष १९६२. म्हणजे पुरुषांच्या गळ्यात दिसणाऱ्या या शालींमागे बहुतांशी बायकांचे हात आहेत.

शाल कशी बनते हे थोडे तपशिलाने समजून घेतले, तर पारख आपोआप येते. कातरलेल्या लोकरीतला मळका, गवत अडकलेला भाग काढून ती कोमट पाण्यात धुतात. यानंतरची पायरी इवातेची खासियत म्हणावी अशी आहे: सूत कातून रंगवण्याऐवजी लोकर सुटी असतानाच रंगवायची. अक्रोडाच्या सालीचा तपकिरी, मंजिष्ठेचा तांबूस, निळीचा निळा, 'किहादा' झाडाच्या सालीचा पिवळा असे रंग देतात, आणि त्यातले बरेच तुरटी किंवा लोखंडाच्या मदतीने पक्के केले जातात. अनेक कार्यशाळा रासायनिक रंगही वापरतात, आणि ते कमअस्सल मानायचे कारण नाही. मग वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजतात. लांबून राखाडी दिसणारा मफलर खिडकीपाशी नेऊन एकच धागा नखावर ताणून पाहिला, तर त्यात निळा, तपकिरी, पांढरा आणि क्वचित एखादा हिरवा तंतू शेजारी शेजारी दिसतो. सूत एकाच रंगात बुडवून हा राखाडी मिळत नाही, आणि होमस्पनची सारी मौज या एका राखाडीत आहे.

पिंजलेली लोकर पायाने चालवायच्या चरख्यावर कातली जाते. तंतू काटेकोर समांतर न ठेवता मोकळे राखल्याने सुतात हवा राहते. ऊब त्या हवेची असते, वजनाची नव्हे. कातलेल्या सुताचा पीळ वाफेने बसवतात, ताणा लावतात आणि हातमागावर साधी किंवा तिरकस वीण विणतात. सुरूच्या पानांसारखी उलटसुलट तिरकी नक्षी पुरुषांच्या मालात फार चालते.

मागावरून उतरलेले कापड मात्र अजून शाल झालेले नसते. ते विरळ आणि हाताला रुक्ष लागते. साबणाच्या कोमट पाण्यात ते दाबून, तुडवून, हलवून आटवतात. लोकरीच्या तंतूवर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात, कापड आक्रसते, विणीतली भोके बुजतात आणि वर मऊ लव येते. हे काम कमी पडले तर शाल जाळीसारखी राहते आणि धागे सरकतात. जास्त झाले तर नमद्यासारखी ताठ होते. कुठे थांबायचे ते घड्याळ सांगत नाही, हात सांगतो. एकाच सुताची दोन कार्यशाळांतली शाल वेगळी लागते ती बहुधा याच पायरीमुळे.

मराठी वाचकाला ओळखीचे हातमागाचे लोकरी वस्त्र म्हणजे घोंगडी. तिचा निकष इथे लावून चालत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ, ताण्याला चिंचोक्याची खळ. घोंगडी पाऊस-थंडी अडवण्यासाठी आणि अंथरण्यासाठी केलेली असते, मानेला लावण्यासाठी नव्हे. माणसाच्या कातडीला साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू टोचतो. मेरिनो मेंढीची लोकर त्याच्या बरीच खाली असते, कॉरिडेल जातीची २५ ते ३१ च्या आसपास. म्हणून विकत घेण्याआधी शाल हाताला नव्हे, हनुवटीखाली मानेला लावून मिनिटभर ठेवावी. तळहात राकट असतो, त्याला सगळेच मऊ वाटते. किंचित टोचणारी कॉरिडेलची शाल कॉलरच्या सदऱ्यावर किंवा कुर्त्यावर उत्तम चालते आणि मेरिनोपेक्षा जास्त टिकते. उघड्या मानेला घ्यायची असेल तर मेरिनोच पाहावी.

'होमस्पन' हा शब्द पाहून निर्धास्त होऊ नये. जपानी कापड-व्यापारात यंत्रावर कातलेल्या, मुद्दाम जाडबारीक ठेवलेल्या सुताच्या कापडालाही हेच नाव देतात. १९७४ च्या कायद्याखाली काही हस्तकलांना सरकारी मान्यतेचे चिन्ह मिळते. इवातेतल्या नांबू बिडाच्या किटल्यांना ते आहे, होमस्पनला नाही. तेव्हा असे चिन्ह शोधण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दुकानात दोन शब्द विचारावेत: 'तेत्सुमुगी', म्हणजे हाताने कातलेले, आणि 'तेओरी', म्हणजे हाताने विणलेले. फक्त दुसऱ्याला होकार मिळाला तर सूत गिरणीचे आहे. वाईट नव्हे, पण किंमत त्या मानाने हवी. वनस्पतींच्या रंगासाठी 'कुसाकिझोमे' हा शब्द आहे. १९६२ च्या कायद्यानुसार मफलर आणि शालींवर तंतूंचे प्रमाण लिहिलेली पट्टी असते. लोकरीसाठीचे 'के' हे चित्राक्षर आणि त्यापुढे १०० टक्के असल्यास भेसळ नाही.

पट्टी नसेल, जुन्या बाजारातला माल असेल, तर दशीतला एक धागा मागून तो जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. हातकताईची खूण मात्र डोळ्यांनीच ओळखावी लागते. धाग्याची जाडी हलकेच बदलत जाते, पण एका ठराविक अंतराने तीच गाठ पुन्हा येत नाही. तशी येत असेल तर ते यंत्राचे काम. दोन्ही काठ सरळ आहेत का, शाल मधोमध दुमडल्यावर टोके जुळतात का, उजेडाकडे धरल्यावर विणीत कुठे पट्टे विरळ दिसतात का, हेही पाहावे. शेवटी शाल मुठीत घट्ट दाबून सोडावी. चांगली आटवलेली शाल लगेच फुगून मूळ आकारात येते. चुरगळलेलीच राहिली तर सुतात जीव नाही.

हातकताईच्या मफलरला दहा-वीस हजार येन आणि शालीला त्याहून बरेच अधिक मोजायची तयारी ठेवावी. याच्या निम्म्यात 'हाताने कातलेली' शाल कोणी देत असेल तर वरचे प्रश्न पुन्हा विचारावेत. टोकियोहून मोरिओकाला वेगवान शिंकानसेन सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते, त्यामुळे निशी-कासाईसारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही एका दिवसात जाऊन येता येते. मोरिओकाच्या झाइमोकुचो गल्लीत 'कोगेन्शा' हे हस्तकलांचे जुने दुकान आहे. लेखक मियाझावा केन्जी यांच्या हयातीत निघालेला एकमेव बालकथासंग्रह १९२४ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला होता. शहरात आकानेकाईखेरीज 'नाकामुरा कोबो', 'आरिकावा कोबो' अशा कार्यशाळा आहेत. ओइकावांचे तोवा आता हानामाकी शहरात मोडते. शिन-हानामाकीला उतरून कामाइशी मार्गावरच्या त्सुचिझावा स्थानकाला जावे. कार्यशाळा लहान असतात, आधी कळवल्याशिवाय जाणे बरे नव्हे. मनासारखा रंग तयार नसेल तर मागणी नोंदवून घेतात, पण सूत कातण्यापासून सुरुवात असल्याने महिने लागू शकतात.

वापराबाबत जपानी रिवाज साधा आहे: पुरुषाच्या गळ्यातली शाल ही घराबाहेरची वस्तू. कोणाच्या घरी जाताना दारावरची घंटा वाजवण्याआधीच कोट, मफलर, शाल काढून हातावर घडी घालावी. बाहेरची धूळ-थंडी आत नेऊ नये, हा त्यामागचा विचार. चहाच्या समारंभात किंवा मंदिरातल्या विधीला शाल पांघरून बसणे अनुचित दिसते. आपल्याकडे सत्कारात मिळालेली शाल खांद्यावर तशीच ठेवून भाषण करतात. तिथे ते कोणाला कळणारच नाही. किमोनोवर घेताना शाल मानेमागून आणून दोन्ही टोके छातीवर सरळ सोडतात, कॉलरची कड झाकली जाईल इतपतच. कुर्ता किंवा झब्ब्यावर तीच शाल एका खांद्यावर लांब घडीने शोभते. रंग निवडताना एवढे ध्यानात ठेवावे की होमस्पनचे मिश्र रंग भडक कपड्यांशेजारी मरतात. पांढरा, मातकट किंवा गडद निळा सदरा त्यांना मानवतो. पिन मात्र कधी लावू नये, सुताचे तंतू तुटतात.

रोज एकच शाल वापरू नये. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही ओली वाटत नाही, पण ती वाफ बाहेर पडायला वेळ लागतो. घरी आल्यावर शाल झटकून, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडून रात्रभर मोकळ्या हवेत टाकावी. एवढ्याने ती हंगामभर धुवावी लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात बॅगेच्या पट्ट्याखाली आणि हनुवटीपाशी बारीक गोळे येतात. ते ओढून न काढता कात्रीने अलगद कापावेत. सैल तंतू निघून गेले की पुढे गोळे येणे बरेच कमी होते.

धुणे वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर. पट्टीवर पाण्याच्या टबवर फुली असेल तर मुकाट्याने ड्राय क्लीनिंगला द्यावी. डिसेंबर २०१६ पासून जपानने आंतरराष्ट्रीय खुणा स्वीकारल्या आहेत, त्यामुळे त्या भारतातही वाचता येतात. टबमध्ये हात दाखवला असेल तर घरी धुता येते. बादलीत कोमट, म्हणजे ३० अंशांच्या आसपासचे पाणी घेऊन त्यात लोकरीचा सौम्य साबण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी घालावे, शाल घडी घालून बुडवावी आणि वरून तळहाताने दाबत राहावे. चोळणे आणि पिळणे पूर्ण वर्ज्य: कार्यशाळेने जे आटवणे नेमक्या क्षणी थांबवले, ते घरच्या बादलीत पुन्हा सुरू होते आणि एकदा आक्रसलेली शाल परत मोठी होत नाही. खळबळण्याचे पाणीही तेवढेच कोमट हवे. गरमातून एकदम गार पाण्यात घालणे घातक. नंतर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने ती लांबते. वनस्पतींच्या रंगाची शाल पहिल्यांदा वेगळीच धुवावी आणि उन्हापासून जपावी.

महाराष्ट्रात आणलेल्या शालीचा खरा शत्रू थंडी संपल्यावर येतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी आणि एरवी कसर. कसरीच्या अळ्या लोकर खातात, पण घामाचा, अन्नाचा डाग असलेली लोकर आधी खातात. म्हणून न धुता ठेवलेली शाल म्हणजे त्यांना आमंत्रण. पूर्ण कोरडी झालेली शाल सुती पंच्यात किंवा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नयेत आणि कापूर व डांबर एकत्र कधीच ठेवू नये: दोन्हींची वाफ मिसळली की ती द्रवरूप होऊन कापडावर डाग पडतो. कडुनिंबाच्या पाल्याचा वास चांगला, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नये. जपानात कोरड्या हवेत कपडे बाहेर काढून वारा देण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उष्म्यात, एक दिवस सावलीत वारा दिला की तेच साधते. घडी तेव्हाच बदलावी, नाहीतर दरवर्षी त्याच रेघेवर धागे झिजतात.

एवढे करूनही भोक पडलेच, तर ते लहान असतानाच पाहावे. खरेदी करताना कार्यशाळेकडून त्याच सुताचे एक-दोन मीटर मागून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. त्या सुताने चांगला रफूगार असे काम करतो की लव वर आल्यावर जागा शोधावी लागते. सूत नसेल तर शालीच्याच दशीतला धागा वापरता येतो, म्हणून दशा कधी छाटू नयेत. दशीचा पीळ उलगडला तर दोन बोटांत थोडे साबणाचे पाणी लावून तो पुन्हा मूळच्याच दिशेने वळावा आणि टोकाला गाठ मारावी. काठच सुटू लागला असेल तर मात्र घरी हात लावू नये, आणि शिवणयंत्र तर अजिबात नको. ती शाल विणणाऱ्या कार्यशाळेकडेच पाठवावी.